विश्लेषण : रसायन तेच, कारखाना तोच, मग कर्करोग एकालाच का? यकृतातील विकरे आणि जनुकांचे गणित काय सांगते?

डोंबिवली एमआयडीसीतील रंगाच्या एखाद्या कारखान्यात दोन कामगार वीस वर्षे शेजारी-शेजारी राबले, असे समजू. दोघांनी एकाच पिंपातून पावडर काढली, एकाच टाकीजवळ उभे राहून तोच वास घेतला आणि संध्याकाळी एकाच लोकलने घर गाठले. निवृत्तीनंतर त्यातील एकाला मूत्राशयाचा कर्करोग झाला, दुसरा ठणठणीत राहिला. घरचे म्हणतात, ‘नशीब!’ कारखान्यातले म्हणतात, ‘रसायनाने झाला असता तर दोघांनाही झाला असता.’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. शरीरात शिरलेल्या रसायनाचे पुढे काय होणार, हे बऱ्याच अंशी यकृतातील विकरे ठरवतात आणि ही विकरे सगळ्यांमध्ये सारख्या ताकदीची नसतात. मात्र याचा अर्थ दोष जनुकांचा, असा काढता येतो का?

ठाणे-कल्याण पट्ट्यासाठी हा विषय महत्त्वाचा का?

ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली आणि अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती, उल्हासनगर आणि भिवंडीतील कापड व्यवसाय यांमुळे ठाणे जिल्ह्यातील लाखो लोक रसायनांच्या जवळ राहतात किंवा रसायनांमध्ये काम करतात. रंग, रंगांसाठी लागणारी इंटरमिजिएट रसायने, औषधांचे कच्चे घटक, सॉल्व्हंट असे बरेच काही येथे तयार होते किंवा वापरले जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील ४३ औद्योगिक समूहांना ‘अतिप्रदूषित’ ठरवले, त्या यादीत डोंबिवलीचे नाव होते. २०१४ मधील ‘हिरवा पाऊस’ आणि २०२० मध्ये एमआयडीसीत गुलाबी झालेला रस्ता डोंबिवलीकरांच्या स्मरणात आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन दिवशीच्या स्फोटांनी जीव घेतले, घरांच्या काचा फोडल्या. स्फोट दिसतो, ऐकू येतो, त्याची चौकशी होते. वर्षानुवर्षे थोडे थोडे शरीरात जाणाऱ्या रसायनाचा आवाज होत नाही. त्याचा हिशेब वीस-तीस वर्षांनी लागतो आणि तोपर्यंत कारखाना बंद झालेला किंवा कामगार गावी परतलेला असतो.

यकृत नेमके काय करते?

यकृत विष बाहेर टाकते, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे आहे, पण अर्धेच. अनेक रसायने तेलकट स्वभावाची असतात. ती पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे लघवीवाटे सहज बाहेर पडत नाहीत. त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करण्याचे काम यकृत साधारण दोन टप्प्यांत करते. पहिल्या टप्प्यात ‘सायटोक्रोम पी-४५०’ या कुळातील विकरे, म्हणजेच एन्झाइम, रसायनाला प्राणवायूचा अणू जोडतात. माणसात या कुळाची ५७ जनुके आहेत. दुसऱ्या टप्प्यात वेगळी विकरे त्या रेणूला ग्लुटाथायोन, ॲसिटिल किंवा ग्लुकुरोनिक आम्ल यांसारखा एखादा तुकडा जोडतात आणि तो शरीराबाहेर जाण्याच्या वाटेला लागतो.

धोका या दोन टप्प्यांच्या मध्ये असतो. पहिल्या टप्प्यानंतर काही रसायने मूळ रूपापेक्षा अधिक आक्रमक होतात. ती डीएनएला चिकटतात. डीएनएची दुरुस्ती झाली तर ठीक, पण दुरुस्तीआधी पेशीचे विभाजन झाले तर ती चूक कायमची होते. कर्करोगाची पहिली पायरी अनेकदा हीच असते. म्हणजे कारखान्यातून आलेले रसायन अनेकदा ‘कच्चा माल’ असते. त्याचा घातक ‘पक्का माल’ आपलेच शरीर बनवते. पहिला टप्पा वेगवान आणि दुसरा मंद असेल, तर हा घातक माल साठत जातो. दुसरा टप्पा तत्पर असेल, तर तो फारसे नुकसान न करता बाहेर पडतो.

हे शास्त्रज्ञांना कसे कळले?

सुरुवात रंगाच्या कारखान्यांतूनच झाली. १८९५ मध्ये फ्रँकफर्टचे शल्यचिकित्सक लुडविग रेन यांनी फुक्सिन हा रंग बनवणाऱ्या कामगारांमध्ये मूत्राशयाच्या गाठी आढळल्याची नोंद केली. पुढे संशय दोन-नॅफ्थिलअमाइन, बेन्झिडिन यांसारख्या ॲरोमॅटिक अमाइन गटातील रसायनांवर स्थिरावला. पण उंदरांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग सहजी होईना. १९३०च्या दशकात विल्हेल्म ह्यूपर यांनी दोन-नॅफ्थिलअमाइन कुत्र्यांना दिले, तेव्हा मात्र त्यांना तो झाला. रसायन एकच, पण प्राणी बदलला की परिणाम बदलतो. त्यामागील एक महत्त्वाचे कारण नंतर उलगडले. अमाइनला ॲसिटिल जोडून निष्प्रभ करणारी विकरे कुत्र्यांमध्ये नसतात.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठातील एलिझाबेथ आणि जेम्स मिलर या दाम्पत्याने १९४०च्या दशकापासून केलेल्या कामातून, अनेक रसायने शरीरात रूपांतर झाल्यावरच कर्करोगकारक बनतात, हे स्पष्ट होत गेले. १९७०च्या दशकात ब्रूस एम्स यांनी जीवाणूंवर करायची एक सोपी चाचणी विकसित केली. काही रसायने जीवाणूंच्या डीएनएला काहीच करीत नव्हती. मात्र त्यात उंदराच्या यकृताचा अर्क मिसळताच उत्परिवर्तने दिसू लागली. नवे औषध किंवा कीटकनाशक बाजारात येण्यापूर्वी आजही या पद्धतीची चाचणी केली जाते.

प्रत्येकाचे यकृत वेगळे का वागते?

याचे ओळखीचे उदाहरण क्षयरोगाच्या औषधात सापडते. आयसोनियाझिड ही गोळी घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात औषध बराच काळ राहते, तर काहींमध्ये ते झपाट्याने कमी होते, हे १९५०च्या दशकात लक्षात आले. कारण आहे ‘एनएटी-२’ नावाचे यकृतातील विकर. ज्यांच्यात ते मंद चालते त्यांना ‘स्लो ॲसिटिलेटर’ म्हणतात. जपानमध्ये असे लोक दहात जेमतेम एक, तर युरोपात निम्म्याच्या आसपास किंवा अधिक. दक्षिण भारतातील क्षयरुग्णांच्या अभ्यासांत ते साधारण दहापैकी सहा आढळले. म्हणजे आपल्याकडे ‘मंद’ असणे हा अपवाद नाही, तोच सर्वसाधारण प्रकार आहे.

दुसरे उदाहरण ‘जीएसटीएम-१’चे. धूर, डांबर आणि तंबाखूतील काही घातक रेणूंना ग्लुटाथायोन जोडून निकामी करणारे हे विकर आहे. काही माणसांमध्ये त्याचे जनुक दोन्ही प्रतींतून गायबच असते. युरोपात साधारण निम्म्या लोकांत ते नसते. भारतात हे प्रमाण त्याहून कमी आढळते. ते नसलेली माणसे आजारी नसतात. त्यांना ते कळतही नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक प्रत येते, त्यामुळे सख्ख्या भावंडांतही फरक असू शकतो.

रंगाच्या कारखान्यात जास्त धोका कोणाला?

ॲरोमॅटिक अमाइन श्वासातून किंवा त्वचेतून शरीरात गेली, की यकृतातील ‘सीवायपी-१ए-२’ हे विकर तिचे आक्रमक रूप तयार करते. हे रूप रक्तातून मूत्रपिंडात आणि तेथून मूत्राशयात उतरते. मूत्राशयात लघवी काही तास साठून राहते. लघवी आम्लधर्मी असेल तर रेणूला जोडलेला संरक्षक तुकडा गळून पडतो आणि मोकळा झालेला रेणू मूत्राशयाच्या अस्तरातील डीएनएला चिकटतो. त्यामुळे रसायन फुप्फुसातून आत आले तरी कर्करोग मूत्राशयात दिसतो.

‘एनएटी-२’ तत्पर असेल तर अमाइनचा मोठा वाटा आधीच निष्प्रभ होतो. मंद असेल तर जास्त वाटा घातक वाटेने जातो. इंग्लंडमधील हडर्सफील्ड येथील अभ्यासात याचा ठळक पुरावा मिळाला. १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मूत्राशयाचा कर्करोग झालेल्या २३ रंग-कामगारांपैकी २२ जण ‘मंद’ गटातील निघाले. त्यावरून ‘मंद म्हणजे धोका’ असे सूत्र रूढ झाले.

अहमदाबादच्या अभ्यासाने हे सूत्र कसे बदलले?

हे सूत्र सगळ्या रसायनांना लागू पडत नाही, हे दाखवणारा एक महत्त्वाचा अभ्यास भारतातच झाला. अहमदाबादमधील रंग उद्योगातील ३३ कामगार आणि अशा रसायनांशी संबंध नसलेले १५ जण यांची तपासणी करण्यात आली. अमेरिकेची राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि अहमदाबादची राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्था यांतील संशोधक त्यात होते. लघवीतील पेशी तपासून, बेन्झिडिन डीएनएला कोणत्या रूपात चिकटले आहे, हे त्यांनी पाहिले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. डीएनएला चिकटलेले मुख्य रूप ॲसिटिल जोडलेलेच होते. म्हणजे दोन-नॅफ्थिलअमाइनच्या बाबतीत जी क्रिया बचाव करते, तीच बेन्झिडिनच्या बाबतीत घातक वाटेवरची एक पायरी ठरत होती. बेन्झिडिन हाताळणाऱ्या चिनी कामगारांच्या अभ्यासातही ‘मंद’ गटाला जास्त धोका आढळला नव्हता.

याचे कारण रेणूच्या रचनेत आहे. बेन्झिडिनला दोन अमाइन टोके असतात. एका टोकाला ॲसिटिल जोडले, की दुसऱ्या टोकावर पहिल्या टप्प्यातील विकरांचे काम अधिक सोपे होते. यातून मिळणारा धडा मोठा आहे. ‘चांगले जनुक’ आणि ‘वाईट जनुक’ अशी सरसकट विभागणी करता येत नाही. एकच विकर एका रसायनासाठी राखणदार असते आणि दुसऱ्यासाठी फितूर. आणि कारखान्यात कामगाराच्या अंगावर क्वचितच एकच रसायन येते.

बेन्झीनच्या बाबतीत काय घडते?

बेन्झिडिन आणि बेन्झीन ही दोन वेगळी रसायने आहेत. बेन्झीन पेट्रोलमध्ये, वाहनांच्या धुरात आणि काही औद्योगिक द्रावकांमध्ये असते. ते रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरू शकते. यकृतातील ‘सीवायपी-२ई-१’ हे विकर त्याचे रूपांतर सुरू करते, त्यातून तयार झालेली रसायने अस्थिमज्जेत पोहोचतात आणि तेथे आणखी घातक बनतात. तेथे ‘एनक्यूओ-१’ हे दुसरे विकर बचाव करते. शांघायमध्ये बेन्झीनची विषबाधा झालेल्या कामगारांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिले विकर वेगवान आणि दुसऱ्याचे जनुक दोन्ही प्रतींत निकामी, असा दुहेरी योग असलेल्यांमध्ये विषबाधेचा धोका, असा योग मुळीच नसलेल्यांच्या सुमारे साडेसात पट आढळला.

भारतात २००९च्या मानकांनुसार बाहेरच्या हवेत बेन्झीनचे वार्षिक सरासरी प्रमाण घनमीटरमागे ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे. कारखान्याच्या आतील कामगाराला मिळणारी मात्रा आणि वसाहतीशेजारी राहणाऱ्याला मिळणारी मात्रा यांत मोठे अंतर असते. त्यामुळे कामगारांवरील अभ्यासांचे आकडे शेजारच्या रहिवाशांना जसेच्या तसे लावणे चुकीचे ठरते. मात्र रहिवाशांमध्ये लहान मुले, गर्भवती आणि वृद्धही असतात आणि ते आठ तासांच्या पाळीनंतर तेथून निघून जात नाहीत, हेही विसरता येत नाही.

दारू, सिगारेट यांचा विकरांशी काय संबंध?

विकरांची ताकद केवळ जन्मतः ठरत नाही. नियमित मद्यपानाने ‘सीवायपी-२ई-१’चे प्रमाण वाढते. लठ्ठपणा आणि ‘फॅटी लिव्हर’मध्येही ते वाढलेले आढळते. धूम्रपानाने ‘सीवायपी-१ए-२’ अधिक कामाला लागते. म्हणजे दिवसा कारखान्यात रसायनाशी संबंध आणि रात्री बाटली-सिगारेट, असे असेल तर कच्च्या मालाचा पुरवठाही वाढतो आणि त्याचे घातक रूप बनवणारे यंत्रही जोरात चालते. शिवाय सिगारेटच्या धुरात ॲरोमॅटिक अमाइन आणि बेन्झीन दोन्ही असतात.

जनुक आणि सवय यांची तुलना करण्यासाठी स्पेनमधील एक मोठा अभ्यास उपयोगी आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मंद ‘एनएटी-२’मुळे मूत्राशयाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १.४ पट, तर ‘जीएसटीएम-१’ नसल्यास सुमारे १.७ पट आढळला. ‘एनएटी-२’चा परिणाम प्रामुख्याने धूम्रपान करणाऱ्यांत दिसला. केवळ धूम्रपानाने हा धोका दुप्पट ते चौपट होतो. म्हणजे जनुक धोक्याला हातभार लावते, पण मुळात संपर्कच नसेल तर त्याला करण्यासारखे फारसे काही उरत नाही.

मग जनुकीय चाचणी करून घ्यावी का?

लाळेचा नमुना घेऊन ‘तुमचे डिटॉक्स जनुक’ सांगणाऱ्या चाचण्यांच्या जाहिराती मोबाइलवर सर्रास दिसतात. ‘एनएटी-२’ किंवा ‘जीएसटीएम-१’चा प्रकार त्यातून कळू शकतो. पण त्यावरून अमुक व्यक्तीला कर्करोग होईल की नाही, हे सांगता येत नाही. दीड-पावणेदोन पटीचा फरक लोकसंख्येच्या पातळीवर महत्त्वाचा असतो, एका माणसाचे भवितव्य ठरवण्यास तो पुरेसा नसतो. ‘लिव्हर साफ’ करणारी चूर्णे आणि सरबते जन्मजात जनुक बदलू शकत नाहीत. उलट काही वनौषधी आणि पूरके यकृतालाच इजा करतात, हे डॉक्टरांच्या परिचयाचे आहे.

उद्या कारखान्यानेच ही चाचणी मागितली तर?

खरी मेख येथे आहे. ‘ज्यांची विकरे कमजोर त्यांना कामावर घेऊ नका’, हा उपाय वरकरणी सोपा आणि स्वस्त वाटतो. हवा शुद्ध ठेवण्याऐवजी माणसे निवडायची! पण दहापैकी सहा जण ‘मंद’ असलेल्या देशात बहुसंख्यांना नोकरी नाकारावी लागेल. अहमदाबादच्या अभ्यासाने दाखवल्याप्रमाणे एका रसायनासाठी केलेली निवड दुसऱ्यासाठी उलटी ठरू शकते. आणि ‘तू निवडलेला आहेस, तुला काही होणार नाही’ हा दिलासाही खोटा ठरेल, कारण तत्पर विकरे असलेल्यांनाही कर्करोग होतो. अमेरिकेने २००८ मध्ये कायदा करून नोकरी आणि आरोग्य विम्यात जनुकीय माहितीच्या आधारे भेदभाव करण्यास मनाई केली. भारतात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आरोग्य विम्याच्या एका प्रकरणात जनुकीय प्रवृत्तीवरून केलेला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. नोकरीच्या बाबतीत मात्र असा नेमका कायदा आपल्याकडे नाही.

कायद्याने कामगारांना कोणते अधिकार दिले आहेत?

केंद्र सरकारने १९९०च्या दशकात बेन्झिडिनवर आधारित रंगांसह ११२ ॲझो रंगांच्या हाताळणीवर बंदी घातली. भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण जोडण्यात आले. रसायनांच्या धोक्याची माहिती कामगारांना देणे, त्यांच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणे आणि त्या कामगारांना पाहू देणे, ही व्यवस्थापनाची जबाबदारी ठरली. व्यवसायजन्य कर्करोग हा कळवण्यायोग्य आजारांच्या यादीत आला. अशा रुग्णावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीही सरकारी यंत्रणेला कळवणे अपेक्षित आहे. या तरतुदींचा गाभा २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही आहे.

प्रत्यक्षात साखळी बहुतेकदा पहिल्याच कडीशी तुटते. ठेकेदाराकडचा कामगार दोन वर्षे येथे, तीन वर्षे तेथे काम करतो आणि त्याची सलग नोंद कुठेच राहत नाही. पुढे तो रुग्णालयात जातो, तेव्हा केसपेपरवर ‘मजुरी’ किंवा ‘निवृत्त’ एवढेच लिहिले जाते. वीस वर्षांपूर्वी कोणते रसायन हाताळले, हे कोणी विचारत नाही, म्हणून आजार कळवला जात नाही, म्हणून आकडा दिसत नाही. आणि आकडा नाही म्हणून प्रश्नच नाही, असे मानले जाते.

कामगार आणि कुटुंबीयांनी काय करावे?

रंग, रबर किंवा रसायन उद्योगात काम केलेल्या व्यक्तीला लघवीतून रक्त जात असल्यास, दुखत नसले तरी आणि ते एकदाच दिसले तरी, तातडीने तपासणी करून घ्यावी. मूत्राशयाच्या कर्करोगाचे हे सर्वात नेहमीचे पहिले लक्षण आहे. ‘उष्णता झाली’ म्हणून ते सोडून देऊ नये. डॉक्टरांना सध्याच्या कामाबरोबर जुन्या नोकऱ्याही सांगाव्यात. कोणत्या वर्षी, कोणत्या खात्यात, कोणत्या रसायनाशी संबंध होता, हे एका वहीत लिहून ठेवावे. पगाराच्या पावत्या, कामगार विम्याचे कार्ड, ओळखपत्र जपून ठेवावे; नुकसानभरपाईच्या वेळी तोच पुरावा असतो. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत, हात न धुता तंबाखू मळू नये, कारण त्वचा आणि तोंड हेही रसायनांचे प्रवेशमार्ग आहेत. ‘हिपॅटायटिस बी’ची लस आणि दारूपासून दूर राहणे, यांमुळे यकृतावरील इतर भार कमी होतो.

सुरुवातीच्या उदाहरणातील दोन कामगारांमध्ये फरक विकरांचा असू शकतो, सवयींचा असू शकतो किंवा निव्वळ योगायोगाचाही. पण दोघांच्या पिंपात जे रसायन होते, ते कोणाच्याही जनुकाने तेथे ठेवले नव्हते. म्हणूनच कामाच्या जागी रसायनाची मर्यादा ठरवताना सर्वात चिवट माणूस डोळ्यांपुढे ठेवून चालत नाही. ती मर्यादा सर्वात संवेदनशील माणसालाही सुरक्षित ठेवेल अशी असावी लागते. जनुके बदलता येत नाहीत. पिंपावरचे झाकण, टाकीवरचा एक्झॉस्ट आणि हातातले मोजे मात्र बदलता येतात.